वाकड्या फरशीवर सरळ कपाट

आमच्या परभणीच्या घरात, आतल्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला लागून, आजोबांनी करून घेतलेले सागवानी कपाट उभे आहे. त्याची उंची 6 फूट, रुंदी 4 फूट आणि खोली दीड फूट आहे. पूर्वी ते सेलू तालुक्यातील आमच्या गावच्या वाड्यात होते. वाड्याचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, गळू लागले आणि तिथे राहणारे कोणी उरले नाही, तेव्हा वडिलांनी ते ट्रॉलीत घालून शहरात आणले. आणले त्याच दिवशी ते डगमगत होते, म्हणून पुढच्या उजव्या पायाखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवली, आणि ती घडी पुढे कित्येक वर्षे तशीच राहिली. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जात असे. पुठ्ठा भिजत होता, वाळत होता आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक दबत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

एका वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सजावटीसाठी ती भिंत मोकळी करायची म्हणून कपाट रिकामे करायला घेतले. खालचे सामान जड, ते आधी उरकावे अशा विचाराने आई आणि मी खालच्या खणांपासून सुरुवात केली. गोधड्या, वाकळा, जुन्या वह्यांचे गठ्ठे बाहेर निघाले. वरच्या दोन फळ्यांवर पितळेची भांडी तशीच होती, दोन्ही दारे सताड उघडी होती, आणि त्याच वेळी माझा सहा वर्षांचा भाचा वरचा डबा पाहण्यासाठी खालच्या फळीवर चढला. कपाट पुढे झुकले. दादा शेजारीच उभा होता, त्याने खांदा लावला म्हणून ते थांबले. वरचा हंडा मात्र खाली आला आणि त्याने फरशीचा उडवलेला टवका आजही दिसतो. भाच्याला काही झाले नाही. तो प्रसंग आठवला की आजही माझ्या हातांना कंप सुटतो, आणि म्हणूनच त्यानंतर आम्ही जे शिकलो ते सगळे तपशिलाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

इतके जड कपाट असे सहज कसे झुकू शकते, हा प्रश्न त्या रात्री घरात सगळ्यांनाच पडला होता. जड वस्तू आपोआप स्थिर असते अशी आपली समजूत असते, आणि ती खरी नाही. वाळलेल्या सागवानाचे वजन घनमीटरला साधारण 650 किलो असते. त्या हिशेबाने आमचे कपाट रिकामे असताना सुमारे 120 किलोचे आहे. त्यातील दोन्ही दारांचे वजन प्रत्येकी 14 किलोच्या आसपास, म्हणजे दारे सोडून उरलेला सांगाडा 92 किलोचा होतो. दारे बंद असतात तोपर्यंत सगळे वजन चार पायांच्या आत राहते. दारे पूर्ण उघडली की 28 किलो वजन पुढच्या पायांच्या रेषेपासून एक फूट बाहेर जाते आणि कपाटाला पुढे ओढू लागते. सांगाड्याचा मध्य पुढच्या पायांपासून 9 इंच मागे आहे, म्हणून त्याला मागे धरून ठेवणारा जोर 92 गुणिले 9, म्हणजे 828 इतका होतो. उघड्या दारांचा पुढे ओढणारा जोर 28 गुणिले 12, म्हणजे 336. आता 20 किलोचे एखादे मूल दाराच्या टोकाला लोंबकळले, तर दार दोन फूट रुंद असल्यामुळे आणखी 20 गुणिले 24, म्हणजे 480 ची भर पडते, आणि पुढचा जोर 816 वर पोहोचतो. सरळ उभे असलेले रिकामे कपाटसुद्धा अशा वेळी जेमतेम तग धरते. ते मुळातच किंचित पुढे कललेले असेल, तर तेवढेही अंतर उरत नाही.

किंचित म्हणजे किती, हे सुतारांच्या मापात सांगणे सोपे आहे. एका इंचात आठ सूत असतात. आमच्या कपाटाची उंची त्याच्या खोलीच्या चौपट आहे, त्यामुळे पुढचे पाय मागच्यांपेक्षा अडीच सूत खाली असतील तर माथा दहा सूत, म्हणजे सव्वा इंच पुढे येतो आणि वजनाचा मध्य त्याच्या निम्म्याने पुढे सरकतो. हा बदल वरच्या हिशेबात घातला की 828 चा आकडा 770 च्या आसपास येतो, पुढचा जोर 840 च्या पुढे जातो, आणि कपाट पडते. अडीच सूत म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक फरशीवर दिसत नाही.

अमेरिकेत मुलांच्या अंगावर खणांची कपाटे पडण्याचे प्रकार इतके झाले, की 2022 च्या डिसेंबरमध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि 2023 च्या सप्टेंबरपासून तेथे सक्तीची चाचणी सुरू झाली. त्या चाचणीत खण भरून आणि उघडे ठेवून, 60 पौंड म्हणजे सुमारे 27 किलोपर्यंतच्या मुलाचा भार गृहीत धरून, आणि खाली गालिचा असल्यामुळे कपाट जितके पुढे कलेल तितके ते मुद्दाम कलवून पाहतात. गालिच्याने येणारा तो कल आपल्याकडे फरशीच देते, आणि ती मऊ नसल्यामुळे आपल्याला त्याची शंकाही येत नाही.

मराठवाड्यातील घरांच्या फरशा समतल का नसतात, याची दोन कारणे आहेत, आणि त्यांतील पहिले अगदी साधे आहे. जुन्या घरांत पाणी टाकून खोली धुण्याची पद्धत होती, म्हणून गवंडी फरशी घालतानाच मोरीकडे किंवा उंबऱ्याकडे उतार देत असे. त्यातच शहाबादी फरशी घासून गुळगुळीत केलेली नसेल तर तिची जाडी जागोजागी बदलते आणि दोन फरशांच्या सांध्यावर एखाद्या सुताचा उंचवटा राहतोच. ज्या घरांत अजून कोबा किंवा सारवलेली जमीन आहे, तेथे वर्षानुवर्षे वापराने खळगे पडलेले असतात. हा उंचसखलपणा जागचा हलत नाही, त्यामुळे तो एकदा मोजला की काम भागते.

दुसरे कारण काळ्या मातीचे आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या रेगूर मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच भेगा बुजून जमीन वर येते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. घराखालची माती मात्र वेगळी वागत असेल असे आपण उगाच धरून चालतो. घराच्या भिंती खोल पायावर उभ्या असतात. फरशी तशी नसते, ती जोत्यात भरलेल्या मुरूम-मातीच्या भरावावर टेकलेली असते. पावसाळ्यात पाणी घराच्या कडेने आत मुरते, म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचा पट्टा आधी फुगतो आणि खोलीचा मधला भाग बराचसा कोरडा आणि जागच्या जागी राहतो. आता कपाट आपण नेमके कुठे ठेवतो? बाहेरच्या भिंतीला पाठ लावून. भाद्रपदापर्यंत त्याच्या मागच्या पायांखालची जमीन उचलली जाते, पुढचे पाय होते तिथेच राहतात, आणि कपाट खोलीच्या दिशेने कलते. आमच्याकडे ते महालक्ष्म्यांच्या दिवसांत झुकले, यात योगायोगाचा भाग फारसा नव्हता.

त्या प्रसंगानंतर दादाने गावाकडच्या सुतारमामांना बोलावून आणले. त्यांनी कपाटाला हात लावण्याआधी फरशीवर तांब्याभर पाणी ओतले आणि ते कुठे जाते हे शांतपणे पाहत बसले. मग आईला म्हणाले, “वैनी, भिंत बी वाकडी हाय, फरशी बी वाकडी हाय. कपाटानं दोघींकडंबी बघायचं न्हाई, वळंब्याकडं बघायचं.” आम्ही इतकी वर्षे कपाट भिंतीला समांतर दिसते का एवढेच पाहत आलो होतो, आणि भिंत स्वतः ओळंब्यात, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाच्या सरळ रेषेत, नसेल तर त्या दिसण्याला काहीच अर्थ नाही, हे तेव्हा कळले.

मोजणीसाठी त्यांनी गवंड्याची पारदर्शक नळी वापरली. नळीत पाणी भरताना एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी खोटी दिसते. कपाट बाजूला सरकवून, त्याच्या चारही पायांच्या जागी एकेक काठी उभी धरली, नळीतल्या पाण्याच्या पातळीने प्रत्येक काठीवर खूण केली आणि त्या खुणेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजले. मागचा डावा कोपरा सर्वांत उंच निघाला, म्हणून तो शून्य धरला. त्याच्या मानाने मागचा उजवा एक सूत खाली होता, पुढचा डावा दोन सूत आणि पुढचा उजवा चार सूत. छोट्या पाणसळीनेही हे काम होते, पण चार फूट लांबीवर एक सुताचा फरक तिच्या बुडबुड्यात नीट वाचता येत नाही. नळीला खर्च कमी आणि चूक होण्यास वाव कमी, असे माझे मत झाले आहे.

या चार आकड्यांतून मामांनी जे काढून दाखवले ते मला फार उपयोगी वाटले. कर्णावरच्या कोपऱ्यांच्या बेरजा करायच्या. शून्य अधिक चार म्हणजे चार. एक अधिक दोन म्हणजे तीन. दोन्ही बेरजा सारख्या आल्या असत्या, तर फरशी उतरती असूनही सपाट आहे, म्हणजे कपाट कलेल पण डगमगणार नाही, असा अर्थ झाला असता. बेरजांमध्ये एक सुताचा फरक आहे, म्हणजे फरशीला पीळ आहे, आणि चार पायांचे ताठ कपाट अशा जागी एका वेळी तीनच पायांवर टेकते. तिवई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, कारण तीन टोके कोणत्याही जमिनीवर एकदम टेकतात; चौथा पाय आला की हा प्रश्न सुरू होतो. डगमगणे आणि कलणे हे दोन निरनिराळे दोष आहेत, आणि घरोघरी आपण पहिल्याचाच बंदोबस्त करतो, कारण तो हाताला जाणवतो. पुठ्ठ्याच्या घडीने आमचे डगमगणे थांबले होते. कल तसाच राहिला होता.

मोजताना फरशीबरोबर कपाटाचे पायही तपासावेत. जुन्या लाकडी पायांची टोके ओल लागून झिजलेली असतात. लाकडाच्या शिरा पायात उभ्या असल्यामुळे तळाच्या टोकातून पाणी चटकन वर शोषले जाते. आमच्या कपाटाचा मागचा एक पाय खालून मऊ पडला होता. मामांनी तेवढा भाग कापून त्याला त्याच सागवानाचा तुकडा जोडला आणि चारही पायांची लांबी सारखी करून घेतली. तसेच पाय जिथे येणार तिथली फरशी नाण्याने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर तिच्याखाली पोकळी आहे, आणि कपाट व सामान मिळून अडीचशे-तीनशे किलोचे ओझे चार छोट्या जागी उतरले की अशी फरशी, विशेषतः आजकालची टाइल, आज ना उद्या तडकते. तेवढी फरशी उचलून खाली मसाला भरून पुन्हा बसवून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

आता पायाखाली काय घालावे, याकडे येते. पुठ्ठा, वर्तमानपत्राची घडी आणि जाड रबर हे तिन्ही भाराखाली दबतात, म्हणून ते कधीच वापरू नयेत. विटेचा तुकडा भुगा होतो आणि टाइलचा तुकडा एका धारेवर भार आला की फुटतो. पॅकिंग न दबणारे हवे आणि पायाच्या पूर्ण तळाला टेकणारे हवे. जाड फरकासाठी सागवानाची किंवा बाभळीच्या पक्क्या लाकडाची पाचर घ्यावी, पण एकटी कधीच नाही. एकटी पाचर पायाला एका रेषेवरच टेकते आणि हळूहळू बाहेर सरकते. सारख्या उताराच्या दोन पाचरी समोरासमोरून एकमेकींवर सरकवल्या, की वरचा आणि खालचा पृष्ठभाग समांतर राहतो आणि ठोकून हवी तेवढी उंची नेमकी साधता येते. उंची जुळल्यावर बाहेर आलेली टोके करवतीने कापून टाकावीत, नाहीतर केरसुणीने किंवा पायाच्या धक्क्याने ती हलतात. बारीक फरकासाठी सनमायकाचे तुकडे मला सर्वांत चांगले वाटतात. त्याची जाडी एक मिलिमीटर असते, तीन तुकडे म्हणजे जवळपास एक सूत, आणि सुताराकडे ते कचऱ्यात पडलेले मिळतात. शिवाय पुढे हंगामाप्रमाणे एखादा तुकडा काढणे किंवा घालणे सोपे जाते. या पॅकिंगखाली सायकलच्या ट्यूबचा एक पातळ तुकडा घातला तर पाय घसरत नाही. तो इतका पातळ असतो की त्याच्या दबण्याने फरक पडत नाही.

आमच्या मोजमापाप्रमाणे मागच्या उजव्या पायाला एक सूत, पुढच्या डाव्याला दोन आणि पुढच्या उजव्याला चार सूत पॅकिंग पुरेसे होते. मामांनी पुढच्या दोन्ही पायांना आणखी एकेक सूत दिले, म्हणजे तीन आणि पाच. कपाट एखाद्या सुताने भिंतीकडे झुकलेले चालते, पुढे मात्र केसभरही नको, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात दुसराही एक विचार होता. ही मोजणी भाद्रपदातली, म्हणजे मागची जमीन सर्वांत वर आलेली असतानाची. उन्हाळ्यात ती खाली बसेल तेव्हा कपाट भिंतीकडे आणखी थोडे कलेल, आणि तो कल धोक्याच्या दिशेने नसेल. मे महिन्यात मोजून बसवले असते, तर पावसाळ्यात ते पुन्हा पुढे आले असते. पुढच्या मे महिन्यात मी त्याच जागा पुन्हा मोजल्या. शून्य, शून्य, एक आणि दोन असे आकडे आले, आणि मामांच्या अंदाजाप्रमाणे कपाट त्या वेळी भिंतीकडे थोडे अधिक झुकलेले होते. तेव्हापासून पॅकिंग पावसाळ्याच्या शेवटी लावावे, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. घाईने उन्हाळ्यात बसवावे लागलेच, तर भाद्रपदात पुन्हा मोजावे.

उचलण्याचे काम सर्वांत जोखमीचे आहे. कपाट पूर्ण रिकामे करावे, आणि रिकामे करताना वरच्या फळीपासून खाली यावे. भरताना खालून वर जावे. आम्ही नेमके उलटे केले होते. खण आणि आरसा काढून ठेवावा, दारे दोरीने बांधावीत. सरकवण्यासाठी पायांखाली ओले बारदान घातले की फरशीवर ओरखडे येत नाहीत आणि दोन माणसे ते सहज ओढतात. पॅकिंग घालण्यापुरते उचलायचे तर हातांनी उचलू नये, पहार वापरावी. चार फुटी पहारीला टोकापासून चार इंचांवर ठोकळ्याचा टेकू दिला, की अकरा पट जोर मिळतो, म्हणजे कपाटाच्या एका बाजूचे साठ किलो वजन हाताच्या साडेपाच-सहा किलोच्या दाबाने उचलले जाते. टेकूखाली फळी ठेवावी, म्हणजे फरशी फुटत नाही. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उचलू नये, आणि पाय वर आला की आधी शेजारी दुसरा ठोकळा सारावा, मगच पॅकिंग आत घालावे, तेही फळीच्या पट्टीने ढकलून. पायाखाली बोटे घालू नयेत, मग काम कितीही क्षणाचे असो. समोर एक माणूस फक्त कपाटाला हात लावून उभा असावा, त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

बसवून झाल्यावर चारही पायांखाली कागदाची चिठ्ठी ओढून पाहावी. एखादीही सहज निघाली तर तो पाय भार घेत नाही. नंतर ओळंबा पुढच्या बाजूने आणि कडेने धरावा. शेवटची तपासणी दारे स्वतःच करतात. दोन दारे मध्ये एका उंचीवर भेटत नसतील, तर कपाटाच्या सांगाड्याला पीळ बसला आहे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजले की ते कळते. अशा वेळी बिजागऱ्यांशी खटपट करण्याआधी एखाद्या पायाखालचा सनमायकाचा एक तुकडा बदलून पाहावा. आमच्याकडे पंधरा वर्षे घासणारे दार एका तुकड्याने मोकळे झाले. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि तेव्हा दार थोडे घट्ट होते, ते मात्र लगेच रंध्याने तासू नये. आपल्याकडचा एप्रिल आला की तेच दार सैल पडते.

एवढे केल्यावर कपाट भिंतीला बांधायचे की नाही, यावर घरात वाद झाला. मामांच्या मते सरळ उभ्या कपाटाला बंधनाची गरज नसते. मला ते पटले नाही, कारण लहान मूल दाराला लोंबकळल्याचा हिशेब माझ्यासमोर होता, आणि दुसरे कारण आपल्या भागातल्या जमिनीचे होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. इथे परभणीतही भांडी वाजली आणि आम्ही सगळे अंगणात आलो. त्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडची माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली, कपाटांखाली नव्हे, हे खरे आहे. परंतु तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जाणारा तो भाग 2002 च्या नकाशात तिसऱ्या क्षेत्रात गेला, आणि 2024 च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यांनी आमच्या फळ्यांवरचे पेले पुन्हा वाजले. उंच कपाट आणि त्याच्यासमोर अंथरूण, अशी मांडणी असलेल्या खोलीत मला बंधन हवेच होते.

बांधताना काळ्या मातीचा विचार पुन्हा करावा लागतो. भिंत जागेवर राहते, फरशी वर-खाली होते. कपाट भिंतीला घट्ट आवळले तर फरशी वर येताना स्क्रूवर ताण येतो आणि तो प्लास्टरसकट सैल होतो. म्हणून एल आकाराच्या लोखंडी पट्टीत भिंतीकडच्या बाजूला गोल छिद्राऐवजी अर्धा इंच लांबीची उभी खाच करून घ्यावी. स्क्रू खाचेच्या मधोमध, मोठ्या वायसरसह, पट्टी हाताने वर-खाली सरकेल इतपतच आवळावा. कपाट एखाद-दोन सूत वर-खाली होऊ शकते, पुढे येऊ शकत नाही. अशा दोन पट्ट्या कपाटाच्या माथ्यावर, दोन्ही टोकांना, बाजूच्या जाड लाकडात लावाव्यात; पाठीमागच्या पातळ फळीत लावलेला स्क्रू पहिल्याच हिसक्याला उपटतो. पक्क्या विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकचा रावळ प्लग विटेत, सांध्यातल्या मसाल्यात नव्हे, किमान दोन इंच खोल जायला हवा, आणि त्यात प्लास्टरची जाडी धरू नये. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचेच वेगळे फास्टनर लागतात. गावाकडच्या दगडमातीच्या भिंतीत मात्र यातले काही टिकत नाही. तिथे भिंतीत ठोकण्याचा नाद सोडून, माळवदाच्या लाकडी खांबाला लोखंडी पट्टीने किंवा जाड साखळीने कपाट अडकवावे. खांब दूर असेल, तर माझ्या मते उंच कपाट त्या खोलीत ठेवूच नये.

भिंत आणि कपाट यांच्यात आम्ही इंचभर अंतर ठेवले आहे आणि वर एक लाकडी पट्टी दिली आहे. त्या अंतरातून हवा खेळते, पावसाळ्यात भिंतीची ओल लाकडाला लागत नाही, आणि वाळवीची मातीची नळी चढू लागली तर टॉर्चच्या उजेडात वेळेवर दिसते.

सारवलेल्या जमिनीवर पॅकिंगचा उपयोग नाही, कारण पाय जमिनीतच रुततो. प्रत्येक पायाखाली फूटभर चौरस जागा उकरून, मुरूम ठोकून, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा पाणसळीत बसवावा आणि मग वरचे सगळे करावे. सागवानी पलंगाचे काम त्या मानाने सोपे आहे. तो पडण्याची भीती नसते, फक्त पीळ बसून त्याचे सांधे कुरकुरतात, म्हणून कागदाची चिठ्ठी आणि सनमायका एवढ्यावर भागते. देवघर फळीवर किंवा उंच चौरंगावर असेल तर मात्र कपाटाचेच नियम लावावेत, कारण तिथे समई पेटलेली असते.

घराबाहेरचे एक कामही याच यादीत आले. ज्या भिंतीला कपाट आहे, तिच्या बाहेर माळवदाच्या जुन्या पन्हाळीसारखी गच्चीच्या पाण्याची नळी थेट जोत्याशी सुटत होती. दादाने ती पाच फूट लांब नेली आणि भिंतीलगत तीन फुटांचा उतरता कोबा करून घेतला. त्यानंतर भाद्रपद आणि मे यांच्या आकड्यांतला फरक निम्म्यावर आला आहे.

कपाटाच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार पायांचे चार रकाने आहेत आणि प्रत्येक मृगाच्या आधी व महालक्ष्म्यांच्या आधी मोजलेले सूत आणि घातलेले तुकडे लिहिलेले आहेत. या वर्षी पुढच्या उजव्या पायाखालचा एक तुकडा कमी केला. भाचा आता उंच झाला आहे. पहार तोच धरतो आणि आकडे मी लिहिते.